वेणूताई चव्हाण : व्यासपीठाबाहेरची साथ

ऑस्ट्रेलियातील टूवूंबा हे नाव आपल्या बेटावरील काही मराठी घरांत आता परके राहिलेले नाही. क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर आत, डोंगराच्या माथ्यावर हे शहर वसले आहे. तेथे दर सप्टेंबरात फुलांचा मोठा उत्सव भरतो. भोवतालच्या डार्लिंग डाऊन्सची जमीन काळीभोर आहे. देशावरच्या शेतकऱ्याने ती पाहिली तर त्याला आपल्याच शिवाराची आठवण व्हावी. तेथे आमची एक भाची संसार थाटून राहिली आहे.

मध्यंतरी तिचा फोन आला. आमच्या जावईबापूंनी स्थानिक निवडणुकीस उभे राहावे, असा त्यांच्या मित्रमंडळींचा आग्रह चालला आहे. माणूस कामाचा आहे, बोलका आहे, आणि भाचीचाही त्याला पाठिंबा आहे. अडचण निराळीच निघाली. प्रचारपत्रकावर पत्नी आणि मुलांसह फोटो हवा, सभेत पत्नीने दोन शब्द बोलावेत, मतदानाच्या दिवशी तिने केंद्राबाहेर उभे राहून लोकांच्या हाती कागद द्यावेत, असे मित्रमंडळींचे म्हणणे पडले. भाचीने सांगितले की पाकिटे चिकटवीन, घर एकटीने सांभाळीन, रात्री कितीही माणसे आली तरी चहा करीन, पण फोटो आणि भाषण नको. त्यावर एका हितचिंतकाने तिला ऐकविले की लोक वेडेवाकडे समजतील. घरात काही बिनसले आहे किंवा बायकोचाच नवऱ्यावर विश्वास नाही, असा अर्थ काढतील. मामा, आपल्या माणसांत असे कोणी झाले नाही का, असे तिने आम्हाला विचारले.

झाले आहे. फोनवर सगळे सांगता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. आणि हा प्रश्न काही एकट्या टूवूंब्याचा नाही. आपल्या बेटावरही उमेदवाराची पत्नी लग्नाला आली नाही, सत्यनारायणाला दिसली नाही, मयताच्या घरी नवऱ्याबरोबर उभी राहिली नाही, की दुसऱ्या दिवशी बैठकेच्या ओट्यावर तिचीच चर्चा असते. उमेदवाराने रस्त्याचे काय केले, पाण्याचे काय केले, हे विचारावयाचे राहून जाते.

टूवूंब्याचीच गोष्ट आधी सांगतो, कारण त्या शहराला निवडणुकीचा जुना इतिहास आहे. तेथील संसदीय मतदारसंघाला १९८४ पासून ग्रूम हे नाव आहे. ते सर लिटल्टन ग्रूम यांच्यावरून दिलेले. ते टूवूंब्यातच १८६७ साली जन्मले. वडील विल्यम हेन्री ग्रूम हे त्या शहराचे पहिले महापौर होते, आणि १९०१ साली पहिल्या संघीय संसदेत निवडून गेले. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी मुलगा निवडून आला. मुलगा पुढे मंत्री झाला, लोकसभागृहाचा सभापती झाला. १९२९ साली सभापती असताना एका विधेयकावर सरकारच्या बाजूने मत देण्यास त्याने नकार दिला, सरकार एका मताने पडले आणि नंतरच्या निवडणुकीत त्याची स्वतःची जागाही गेली. दोन वर्षांनी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. १९३६ साली तो वारला. पुढे त्याची पत्नी जेसी हिने त्याच्या जीवनकार्यावरचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १९४१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पतीचे सार्वजनिक काम जगापुढे मांडणारी पत्नी टूवूंब्याने पाहिलेली आहे. ज्या बाईला ते साधते, तिने ते जरूर करावे. आमची हरकत एवढीच की जिला ते साधत नाही किंवा नको आहे, तिच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. हे म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर जे नाव येते ते सातारा जिल्ह्यातील कराडच्या वेणूताई चव्हाण यांचे.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण हे नाव आपल्या वयस्क वाचकांना सांगावयास नको. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी एका गरीब शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाई यांनी कष्ट करून मुले वाढविली. यशवंतराव कराडला शिकले, शाळकरी वयातच स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले, पुढे वकील झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याचे ते पहिले मुख्यमंत्री. त्यानंतर दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही खाती त्यांनी सांभाळली आणि १९७९ साली काही काळ ते उपपंतप्रधानही होते. इतकी वर्षे आणि इतकी पदे ज्या माणसाने भूषविली, त्याच्या पत्नीचे भाषण ऐकल्याचे सांगणारा माणूस मात्र सापडणे कठीण.

वेणूताई फलटणच्या मोरे घराण्यातील. २ जून १९४२ रोजी कराडला त्यांचा यशवंतरावांशी विवाह झाला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या दहा आठवड्यांतच, ८ ऑगस्टला, मुंबईच्या गवालिया टँकवर काँग्रेसने चले जावचा ठराव केला. यशवंतराव त्या अधिवेशनाला गेले होते. परत आले ते घरी राहण्यासाठी नव्हे. सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसे मेली. यशवंतराव भूमिगत झाले. सरकारने त्यांच्यासाठी बक्षीस लावले. घरात नवी सून, सासूबाई आणि दीर-जावा, आणि दाराशी पोलीस, अशी त्या घराची अवस्था झाली.

नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे केवढे कौतुक असते! हलव्याचे दागिने, काळी चंद्रकळा, वाणाची देवघेव. आपल्या बेटावर यातले बरेचसे आता मावळले आहे, पण आमच्या लहानपणी आजीच्या तोंडून ते वर्णन आम्ही ऐकले आहे. वेणूताईंची पहिली संक्रांत १९४३ च्या जानेवारीत आली आणि त्याच वेळी पोलिसांनी त्यांना अटक केली. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला धरावयाचे, हा त्यामागचा हिशेब. त्यांना कराडहून इस्लामपूरच्या कोठडीत नेण्यात आले. तेथे त्यांचे काही आठवडे गेले. एक लाजरी, नुकती लग्न होऊन आलेली मुलगी, जिने अजून नवऱ्याबरोबर धड संसारही केला नव्हता! नवरा कोठे आहे, हे तिच्याकडून सरकारला कळले नाही.

या तुरुंगवासाने त्यांची प्रकृती खचली, ती पुढे कधीच पूर्ण सुधारली नाही. त्याच काळात यशवंतरावांचे थोरले बंधू वारले आणि मधले बंधू गणपतराव हेही सरकारच्या रोषातून सुटले नाहीत. वेणूताई आजारी पडून माहेरी फलटणला गेल्या. त्यांची प्रकृती गंभीर असल्याचे कळल्यावर भूमिगत यशवंतराव त्यांना भेटावयास गेले आणि तेथेच पकडले गेले. त्यांना शिक्षा झाली. पत्नीच्या बिछान्याशेजारी बसावयास गेलेला माणूस बेड्या घालून परत जातो, हे त्या मुलीने पाहिले. तिच्या आधाराचा पुरावा ज्यांना हवा असेल, त्यांनी तो येथे शोधावा.

१९४६ साली निवडणुका आल्या. यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि त्यांना संसदीय चिटणीस म्हणून मुंबईला बोलावणे आले. त्या वेळी घराची स्थिती काय होती? गणपतरावांना क्षयाने ग्रासले होते. पत्नीची प्रकृती तोळामासा. मिळकत जेमतेम. मुंबईला जावे की कराडला वकिली करून घर सावरावे, या विचारात यशवंतराव होते. घरच्यांनी त्यांना जाऊ दिले. गणपतरावही फार दिवस राहिले नाहीत, आणि त्या घरातील मुलांचे करण्याची जबाबदारी वेणूताईंकडे आली. त्यांना स्वतःचे मूल झाले नाही. याविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. आम्ही त्यात शिरत नाही. जी बाई आयुष्यभर आपले घर चव्हाट्यावर येऊ नये म्हणून जपत राहिली, तिच्या मृत्यूनंतर तरी आपण उंबऱ्याबाहेर थांबावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. वय अवघे त्रेचाळीस. येथून वेणूताईंची खरी परीक्षा सुरू झाली असे आम्हाला वाटते, कारण तुरुंगात निदान माणसाला एकटे राहता येते. मुख्यमंत्र्याच्या पत्नीने काय काय करावे याच्या अपेक्षा तेव्हाही ठरलेल्या होत्या. महिला मंडळाची उद्घाटने, शाळांची बक्षिसे, फोटो, पाहुण्या मंत्र्यांच्या बायकांना शहर दाखविणे. शिवाय, ज्याला साहेबांची भेट मिळत नाही त्याने बाईंच्या मागच्या दाराने यावयाचे. कोणाची बदली, कोणाचे तिकीट, कोणाच्या मुलाची नोकरी. राजकारणी माणसाची बायको म्हणजे शिफारशीची खिडकी, अशी एक समजूत आपल्याकडेही आहेच.

वेणूताईंनी स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवले आणि ही खिडकी बंद ठेवली. गावाकडून आलेला माणूस उपाशी परत जात नसे. कराड, पाटण, सातारा येथून येणाऱ्या कार्यकर्त्यांची ताटे मांडली जात. पण कोणत्या माणसाला मंत्री करावे आणि कोणाला पाडावे, यात त्यांचे नाव कधी आले नाही. विरोधकांनी यशवंतरावांवर थोडी टीका केली असे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर त्यांच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून थोडक्या मतांनी कसेबसे निवडून आले. अशी हातघाईची निवडणूक असताना कोणत्याही सल्लागाराने काय सुचविले असते? पत्नीला गाडीत बसवा, गावोगावी फिरवा, तिच्या तुरुंगवासाची कहाणी तिच्याच तोंडून लोकांना ऐकवा. मते मिळाली असती. इस्लामपूरच्या कोठडीची कथा ऐकून त्या जिल्ह्यातील कोणत्या मायबहिणीचे डोळे पाणावले नसते? पण वेणूताईंनी आपल्या दुःखाचे भांडवल केले नाही, आणि यशवंतरावांनी करू दिले नाही.

येथे एक शंका कोणी काढील आणि ती योग्य आहे. आम्ही शिक्षकी पेशातले, वर्गात एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून असा प्रश्न विचारतो. वेणूताई पडद्यामागे राहिल्या ही त्यांची निवड होती, की त्या काळी बायकांना बाहेर येऊच दिले जात नसे म्हणून तसे झाले? उत्तर त्याच मातीत मिळते. त्याच सातारा भागात पत्री सरकारच्या काळात इंदुताई पाटणकरांसारख्या तरुण मुली घरदार सोडून चळवळीत आल्या होत्या. शेजारच्या सांगलीत वसंतदादा पाटलांच्या पत्नी शालिनीताई पुढे आमदार, मंत्री, खासदार झाल्या. मार्ग नव्हता असे नाही. आणि यशवंतराव काही बायकोला चुलीपाशी बसविणारे गृहस्थ नव्हते. ते जेथे जेथे गेले तेथे पत्नीने हे पाहावयास हवे होते, असे त्यांना वाटे. याचा पुरावा लेखी आहे. परदेशच्या दौऱ्यांवर असताना ते वेणूताईंना सविस्तर पत्रे लिहीत. कोणते शहर पाहिले, कोणाशी काय बोलणे झाले, हवा कशी, जेवण कसे, परिषदेत कोण काय म्हणाले. अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री अशा पदांवरचा माणूस दिवसभराच्या बैठका आटोपून रात्री हॉटेलच्या खोलीत बसून घरी पत्र लिहितो. ही पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर राम प्रधान यांनी संपादित केली आणि ती ‘विदेश दर्शन’ या नावाने पुस्तकरूपाने आली. वेणूताई बहुतेक दौऱ्यांवर जात नसत म्हणून ही पत्रे लिहिली गेली. आणि वाचणारीला जगाच्या राजकारणातले काही कळत नसते, तर अशी पत्रे कोण लिहिता? तेव्हा अडाणीपणाने किंवा नाइलाजाने त्या घरात राहिल्या, असे आम्हाला वाटत नाही. प्रकृतीचे कारण होते, व्रतवैकल्यांची ओढ होती, आणि स्वभावही तसा होता. या तिन्हींपैकी एकही कारण जगाला समजावून सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

१९६२ च्या नोव्हेंबरातील प्रसंग प्रसिद्ध आहे. चीनने आक्रमण केले होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले होते. पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलाविण्याचे ठरविले. असे सांगतात की ही गोष्ट कोणालाही कळू देऊ नये, अशी नेहरूंची ताकीद होती, आणि त्यावर यशवंतरावांनी पत्नीला विचारण्याची तेवढी मुभा मागून घेतली. देशावर संकट, पंतप्रधानांचा शब्द, आणि तरीही उत्तर देण्याआधी एका व्यक्तीचा सल्ला हवाच! ही व्यक्ती कोणत्याही समितीवर नव्हती. व्यासपीठावर दिसत नाही तिचे घरात काही चालत नाही, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

दिल्लीतही क्रम तोच राहिला. १, रेसकोर्स रोडच्या बंगल्यात देशोदेशींचे पाहुणे येत, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना दिल्लीच्या थंडीत घरचे जेवण मिळे. यशवंतराव १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, नंतर १९६७ पासून साताऱ्याच्या लोकांनी त्यांना लागोपाठ चार वेळा निवडून दिले. त्यातील १९७७ ची निवडणूक तर काँग्रेसला फार जड गेली होती. या सर्व निवडणुकांत सातारकरांनी वेणूताई आमच्या सभेला का आल्या नाहीत, असा हिशेब मांडला नाही. कराडची लेकसून आपल्या घरात आहे, एवढे त्यांना पुरले. आम्हाला या गोष्टीत वेणूताईंइतकेच मतदारांचेही कौतुक वाटते. शेतकरी, माळी, धनगर, बाजारपेठेतले व्यापारी, बहुतेकांचे शिक्षण बेताचे. पण मत कशासाठी द्यावयाचे आणि कशासाठी नाही, हे त्यांना समजत होते.

ऑस्ट्रेलियातील वाचकांना ही एका जुन्या वळणाच्या हिंदू बाईची गोष्ट वाटेल, म्हणून त्यांच्याच देशातील एक उदाहरण देतो. बेन चिफली हे १९४५ ते १९४९ या काळात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. पूर्वी ते आगगाडीचे इंजिन चालवीत. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना राजधानीचे जीवन मानवले नाही. बाथर्स्ट गावच्या बझ्बी स्ट्रीटवरील लहानशा घरातच त्या राहिल्या. तेव्हा चिफलींनी काय करावे? पंतप्रधानांसाठी असलेल्या निवासस्थानात त्यांनी मुक्काम केला नाही. कॅनबेराच्या कुराजाँग हॉटेलात एक खोली घेऊन राहिले, आणि सवड मिळाली की बाथर्स्टला घरी जात. १९५१ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला तोही त्याच हॉटेलात, आणि रुग्णालयात नेताना वाटेतच ते वारले. त्या नवराबायकोलाही मूलबाळ नव्हते. एलिझाबेथ १९६२ साली गेल्या आणि ते लहान घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. लोकांनी चिफलींना १९४६ साली निवडून दिले आणि १९४९ साली पाडले. दोन्ही वेळा देशाच्या कारभारावरून. टूवूंब्यातील त्या हितचिंतकाला आमच्या भाचीने बाथर्स्टची ही गोष्ट सांगून पाहावी. आपली उदाहरणे परक्याला पटत नसली तर त्याच्या अंगणातले उदाहरण काढावे.

मात्र एक गोष्ट आम्ही जावईबापूंसाठीही लिहितो. वेणूताईंना घरात राहता आले याचे निम्मे श्रेय यशवंतरावांचे. कार्यकर्ते, पत्रकार, संस्थाचालक या साऱ्यांचा आग्रह शेवटी नवऱ्यापाशीच येऊन थांबतो. तेथे तो थांबविला नाही तर तो घरात शिरतो, आणि मग बाईला दर आठवड्याला नव्याने नाही म्हणावे लागते. एकदा, सुरुवातीलाच, उमेदवाराने आपल्या माणसांना स्पष्ट सांगितले की फोटो माझा एकट्याचा येईल, तर दुसऱ्या महिन्यात कोणाला त्याची आठवणही राहत नाही. पत्नीने बाहेर यावे असे मनातून वाटत असूनही तिला पुढे न ढकलणे सोपे नसते. मते हवी असताना तर नाहीच. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे. क्वीन्सलंडने तो कायदा १९१५ सालीच केला आणि देशाने १९२४ साली. म्हणजे सगळेच मतदार येणार, आणि प्रत्येकाला काहीतरी दाखवावे असे प्रचारकांना वाटणार. मतदाराला विचारण्याचा अधिकार आहेच. उमेदवाराचे उत्पन्न कोठून येते, पत्नीच्या नावावर कंपनी आहे का, घरच्यांना ठेके मिळतात का, हे त्याने विचारावे आणि त्याला उत्तर मिळावे. तेथे खासगी जीवनाची ढाल चालणार नाही. पण पत्नी हसते कशी, साडी कोणती नेसते, भाषण का करीत नाही, यावरून रस्ते आणि शाळा सुधारत नाहीत.

वेणूताईंचे अखेरचे दिवस दुखण्यात गेले. १ जून १९८३ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी लग्नाला एकेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. चार मोठी खाती सांभाळलेला, फाळणीनंतरचे सारे राजकारण पाहिलेला हा कणखर माणूस त्या आघाताने आतून मोडला, असे त्यांच्या जवळचे सर्वजण सांगतात. पुढे तो जेमतेम दीड वर्ष जगला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावही गेले. कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

कराडला दोघांनी ‘विरंगुळा’ नावाचे घर बांधले होते. राजकारणातून निवृत्त झाल्यावर तेथे राहावे, वाचावे, नदीकाठी फिरावे, असा बेत होता. तो तडीस गेला नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर यशवंतरावांनी तिच्या नावाने सार्वजनिक न्यास केला आणि आपल्यामागे जे काही होते ते त्याला दिले. कराडच्या एका महाविद्यालयाला आणि सरकारी रुग्णालयालाही आज वेणूताईंचे नाव आहे. न्यासाने कराडमध्ये स्मारकाची इमारत उभी केली. यशवंतरावांनी जन्मभर जमविलेली पुस्तके आणि कागदपत्रे तेथेच ठेवली आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासावर काम करणारी मुले मुंबई-पुण्याहून ती वाचावयास येतात. इमारतीवर नाव आहे, सौ. वेणूताई चव्हाण स्मारक.